मेस्त्री, तुम्ही नाही म्हणालात त्याबद्दल

आदरणीय मेस्त्री,
सा. न. वि. वि.

पत्रात नाव घालायचं नाही, असं तुम्ही चहा पिता पिता बजावलंत. "नाव छापलं की दारात गाड्या लागत्यात, आन् माझ्या अंगात आता दोन गाड्यांचंच बळ उरलंय." म्हणून नुसतं मेस्त्री. कोल्हापूरच्या उद्यमनगरात या नावानं हाक मारली तर चाळीस माणसं मागं वळून बघतील, तेवढा आडोसा पुरे.

बाबांसाठी घेतलेली जुनी फियाट तुमच्या हातून पुन्हा कशी उभी राहिली हे तुम्हाला मी काय सांगणार? पण ती दारात उभी दिसली की लोक मलाच शाबासकी देतात आणि मला ओशाळल्यासारखं होतं. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

बाबांनी मुंबईत सत्तावीस वर्षं काळीपिवळी चालवली. फियाटच, पण दुसऱ्याची. मालकाचे पैसे संध्याकाळी मोजून दिले की उरेल ते आपलं. स्वतःच्या नावावर गाडी कधी झाली नाही. 2023 च्या ऑक्टोबरच्या शेवटी पेपरात बातमी आली, की 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदलेली मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी (फियाटच ती) वीस वर्षं भरल्यामुळे रस्त्यावरून उतरतेय. बाबांनी बातमी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि "संपली म्हणायची" एवढंच बोलले. मी त्याच आठवड्यात गाडी शोधायला लागले.

सापडली ती शिरोळ तालुक्यात, एका गोठ्याच्या मागच्या पडवीत. 1971 ची फियाट 1100 डिलाइट. म्हणजे पद्मिनीची थोरली बहीण. पद्मिनी हे नाव त्या गाडीला 1974 ला मिळालं, कारखाना तोच, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियरचा, कुर्ल्याचा. बाबांच्या लेखी हा सगळा तपशील फिजूल, ते सरसकट सगळ्यांना फियाटच म्हणतात. पुढची जाळी नव्हती, उजव्या दिव्याची रिंग नव्हती, पुढचा अखंड सीट कुणीतरी ओसरीवर बसायला नेलेला, मागच्या सीटवर कोंबडीनं अंडी घातलेली. 2019 च्या महापुरात पाणी काचेपर्यंत होतं आणि 2021 ला पुन्हा आलं, हे मालकानं अगदी सहज सांगितलं. भंगारवाला 18 हजार देत होता, मी 35 दिले. टेम्पोत चढवताना डाव्या दाराखालचा पत्रा माझ्या हातात आला. तो मी पर्समध्ये ठेवला. का, ते विचारू नका.

तुमच्याकडं पहिल्यांदा आले ते जानेवारीत. तुम्ही पान्याच्या मागच्या टोकानं टकटक करत गाडीभोवती एक फेरी मारलीत, दोनदा वाकून खाली बघितलंत. मी म्हटलं, पाडव्याला बाबांना पंचाहत्तर पूर्ण होताहेत, तोपर्यंत रंग मारून पाहिजे, इंजिनाचं नंतर बघू. तुम्ही म्हणालात, "न्हाई व्हायचं." जास्त पैसे देते म्हटलं. "पैशाचं न्हाई बाई. रंग शेवटचा असतोय. ह्यावर आत्ता रंग मारला तर मला रातची झोप लागायची न्हाई."

मला राग आला होता, मेस्त्री. वीस वर्षं पोरांना वेळेत अभ्यासक्रम संपवून देणाऱ्या बाईला तोंडावर नाही म्हणणारं कुणी भेटत नाही. मी गाडी उचलून दुसऱ्या एका गॅरेजला नेली. तिथं मला तीनदा विचारलं, "साहेब कधी येणारेत?" साहेब नाहीत म्हटल्यावर दर वाढला. पण काम तीन आठवड्यांत झालं. पाडव्याला दारात पांढरीशुभ्र फियाट, झेंडूचा हार, शेजारी गुढी. गाडी चालत नव्हती, नुसती उभी होती. फोटोत बाबा हसताहेत. तो फोटो आजही मला बघवत नाही.

जुलैत पत्र्याला फोड आले. पुरी फुगते तसे, आधी चाकांच्या कमानीवर, मग दारांच्या खालच्या कडेला. एकावर बोट दाबलं तर आतून तांबूस पाणी आलं.

सप्टेंबरात तुमच्याकडं परत येताना वाटेत मी चार वाक्यं तयार केली होती. एकही लागलं नाही. तुम्ही जुन्या स्पीकरमधलं चुंबक फडक्यात गुंडाळलंत आणि माझ्या हातात दिलंत. "फिरवा." मी फिरवत गेले. टपाला चिकटलं, बॉनेटला चिकटलं. डाव्या बाजूला दाराच्या खाली आणलं तर चुंबक हातातून सरळ खाली घसरलं. पत्रा होताच कुठं? बोटभर जाड लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी, आत जाळी कोंबलेली. तुम्ही म्हणालात, "बाई, ही गाडी न्हाई, गणपतीची मूर्ती झालीया." तुमचा हेल्पर हसला, मीही हसले. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य तुम्ही त्या दिवशी बोलला नाहीत, आणि नंतरही कधी नाही. आभारांतला मोठा वाटा त्याचा आहे.

गमतीची गोष्ट अशी, की मी विज्ञान शिकवते. क्षरण हा भाग दरवर्षी फळ्यावर लिहून देते, हवा, पाणी, लोखंड, हायड्रेटेड आयर्न ऑक्साइड. परीक्षेत तीन मार्कांना येतो. पण दाराच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं ठेवलेली असतात, ती मातीनं बुजली की दार आतून कुजतं, हे मला खिळ्यानं ती भोकं उकरताना कळलं. आणि लांबी पाणी धरून ठेवते, त्यामुळं वरून गाडी चकचकीत दिसत असताना आत गंजाचं काम सुखानं चालू असतं, हे तर पैसे मोजून कळलं.

दसऱ्यानंतर तुम्ही दारांखालचा डबा, म्हणजे कडेची पोकळ पत्र्याची पट्टी, कापायला घेतला. मी तुम्हाला अजून घाई करत होते, आणि तुम्ही तीन दिवस नुसती गाडी बांधत बसलात. जीपला खाली वेगळी चेसी असते, हिला नाही, हिचा पत्रा हीच हिची हाडं. दोन्हीकडचे डबे एकदम कापले तर गाडी मधूनच खाली बसते आणि मग दारं जन्मात लागत नाहीत. म्हणून आधी दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे अँगल मारून घेतले, खाली ठोकळे, प्रत्येक फटीचं माप खडूनं टपावर लिहून. "आधी बांधायचं, मग कापायचं." मी शाळेत स्नेहसंमेलनाच्या बैठकीत हे वाक्य वापरलं, कुणाला कळलं नाही.

मग ग्राइंडर लावलात. पत्रा उघडला आणि आतून माती आली. ओंजळ-दोन ओंजळी नव्हे, घमेलंभर. वाळलेली, पिठासारखी बारीक, करडी, थरांवर थर बसलेली. तुम्ही ग्राइंडर बंद केलात, चिमूटभर माती तळहातावर घेतलीत, बोटानं चोळलीत आणि म्हणालात, "यात अजून कृष्णा हाय." नरसोबाच्या वाडीच्या संगमाचा गाळ तो, दोन महापुरांचा. शेडमध्ये क्षणभर कुणी बोललं नाही. घमेलं तुम्ही फेकू दिलं नाहीत, मागच्या लिंबाच्या बुडात ओतायला लावलंत. त्या वर्षी लिंबं बरी लागली असं तुमचं म्हणणं आहे. मी वाद घालत नाही.

नंतरचे महिने शाळा सुटली की मी तुमच्याकडं. तुम्ही हातात हातोडी आणि डॉली (पत्र्यामागं धरायचा लोखंडी ठोकळा) दिलीत तेव्हा वाटलं गंमत करताय. पहिला तुकडा मी ठोकून ठोकून वाटीसारखा केला. तुम्ही तो भिंतीवर टांगलात, अजून तिथंच आहे. गंज पांढऱ्या पत्र्यापर्यंत कापायचा, नवा पत्रा जुन्याच्याच जाडीचा घ्यायचा, वेल्डिंग एका दमात ओढत न्यायचं नाही. एक टाका इथं, दुसरा वीतभर लांब, मध्ये ओलं फडकं, नाहीतर पत्रा तापून लाटा घेतो. आणि दर चार टाक्यांनी दार लावून बघायचं. ते बंद होतानाचा आवाज तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. सुरुवातीला मला सगळे आवाज सारखे वाटायचे.

इंजिनाचं थोडक्यात. चारही सिलिंडर जाम होते. प्लगच्या भोकांतून डिझेल घालून अकरा दिवस वाट बघितली, बाराव्या दिवशी पुलीच्या नटाला पाना लावला तर बोटभर हललं. 68 मिलिमीटरचा बोअर, 75 चा स्ट्रोक, 1089 सीसी, एवढं मी पुस्तकातून पाठ करून आले होते. तुम्ही बोट आत घालून फिरवलंत आणि "बोअरिंगला न्या" म्हणालात, म्हणजे सिलिंडर आतून तासून घ्या. ॲल्युमिनियमचं हेड साध्या पाण्यानं खाल्लेलं, ते शेजारच्या लेथवाल्या भाऊंनी भरून, तासून दिलं. त्यांचेही आभार, ते काही वाचायचे नाहीत. ब्रेकची किट मुंबईत ऑपेरा हाऊसला मिळाली, कारण आतलं बरंचसं पद्मिनीचं चालतं. तोंड मात्र वेगळं. जाळीसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात पाच रविवार घालवले. सहाव्या खेपेला, बुधवारी, रजा टाकून गेले, तर एक जण तिच्यावर पक्कडी मांडून बसला होता.

कागदांचंही तुमच्यामुळंच निभावलं. आधीच्या रंगाऱ्यानं चेसी नंबरवरच रंग ओढलेला. आरटीओसाठी पेन्सिलीनं ठसा घ्यायचा तर घेणार कशाचा? तिथं तुम्ही ग्राइंडर लावू दिला नाहीत, थिनर आणि जुना टूथब्रश घेऊन अर्धा दिवस बसलात, एकेक आकडा वर आणलात. नंतर कुणीतरी सुचवलं, 50 वर्षं झाली आहेत तर 2021 च्या नियमाखाली विंटेज म्हणून नोंदवा, 20 हजार भरा, 'व्हीए'चा नंबर मिळेल. पण ती गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही, रॅली नाहीतर प्रदर्शन. तुम्ही विचारलंत, "मग बाबांनी भाजीला रिक्षानं जायचं व्हय?" साधंच पासिंग केलं.

शेवटी बिल. पुठ्ठ्याच्या मागं तुमच्या अक्षरात, पत्रा, गॅस, रेड ऑक्साइड, मजुरी. खाली एक ओळ, 'वजा : हेल्पर हजेरी, बाई, 61 दिवस.' दर तुमच्या हेल्परचाच, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. बँकेत पगार जमा होऊन वीस वर्षं झाली, पण कमाई म्हणून घरात दाखवली ती हीच. पुठ्ठा बाबांनी ठेवून घेतलाय.

परवा त्यांना गाडीत बसवलं. सीटवर सरकून बसले, आरसा जरा खाली केला. डावा हात न बघता स्टेअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यावर गेला, पहिला पडला. रंकाळ्याला एक चक्कर मारून आलो. मी वाट बघत होते, काहीतरी बोलतील. उतरताना दार लावलं, आवाज ऐकला, पुन्हा उघडून पुन्हा लावलं. मग म्हणाले, "क्लच जरा जड हाय. मेस्त्रीस्नी सांग."

तेवढं बघाल का? रविवारी सकाळी येतो दोघंही. चहा आम्ही आणतो.

तुमची,
बाई (हेल्पर, 61 दिवस)