तो डाव तू जिंकला होतास

प्रिय बंडू,

तब्येती ठीक आहेत. माझा रक्तदाब गोळीवर आहे, सुमनचं खाणं-झोपणं बरं चाललंय. तेवढं पुरे. लिहायला बसलोय ते वेगळ्याच कारणासाठी, आणि ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर नुसती मान डोलावतील.

आम्ही घर सोडलं. दोन खोल्यांत आलो. थोरलीला पटलं नव्हतं, अजून पुरतं पटलेलं नाही. डॉक्टरांनी दोन्ही बाजू समोर ठेवल्या. ओळखीची जागा सुटली की आल्झायमरनं विसरायला लागलेली माणसं जास्त गोंधळतात, ही एक. आणि ते जिने, ती दोन दारं, तिचं रात्री उठून चालत सुटणं, ही दुसरी. ठरवायचं मी. बंडू, पूर्वी कुठलीही मोठी गोष्ट आम्ही दोघं भांडून ठरवायचो आणि बहुतेक वेळा तिचंच खरं व्हायचं. ह्या वेळी भांडायला समोर कुणी नव्हतं. ती शेजारीच बसली होती, पण प्रश्न ऐकेपर्यंतच तो तिच्या हातून निसटत होता.

मला एकच गोष्ट खाते. तिच्याजवळ उरलेल्या खुणा त्या घरात होत्या. कुठला कोपरा कुठे, उजेडाचं बटण कुठे, हे तिच्या हातापायांना ठाऊक होतं. तेच मी काढून घेतलं का? संध्याकाळ झाली की ती पर्स काखेत मारून दाराशी उभी राहते. ‘चला, उशीर झाला, मला घरी जायचंय.’ नव्या जागेत हे ऐकलं की काळजात चर्र होतं. मग मी स्वतःला सांगतो की अरे, जुन्या घरातही ती हेच म्हणत होती. दिवस कलला की अशी घालमेल ह्या आजारात पुष्कळांना होते. पण सांगितलं म्हणून मन ऐकतं होय? मी वाद घालत नाही, चप्पल घालतो. आम्ही फाटकापर्यंत जातो, रस्त्यावरची माणसं बघतो आणि परत येतो. दार उघडलं की कधीकधी ती म्हणते, ‘आलं बाई एकदाचं घर.’ त्या दिवशी मला मोठं दान पडलेलं असतं.

तू म्हणशील, सुरू झालं ह्याचं, एका वाक्यात सांगायचं ते चार पानांत. सहलीला तंबू उडाला तेव्हा दोरी कुणी बांधली होती हे मात्र तू अजून एका वाक्यातही कबूल केलेलं नाहीस.

सामान हलवलं त्या दिवशी सुमनला थोरलीकडे ठेवलं, म्हणजे खोकी भरताना तिला बघावं लागू नये. ती यायच्या आत तिची खोली जशीच्या तशी लावून घेतली. पलंग खिडकीच्या त्याच बाजूला, दिवा डावीकडे, तीच जुनी चादर. नवी आणण्याचा मोह थोरलीला झाला होता, मी आणू दिली नाही. पलंगावरून न्हाणीघराचं दार सरळ दिसतं आणि रात्रभर तिथे बारीक दिवा असतो. मोठा आरसा आणला नाही. जुन्या घरात शेवटी शेवटी ती आरशातल्या बाईला ‘बसा ना’ म्हणायची आणि ती बसत नाही म्हणून कावरीबावरी व्हायची. खणांवर चिठ्ठ्या लावल्यात, अक्षर मोठं आणि गडद. वाचणं अजून शाबूत आहे.

पण आवराआवरीचे ते महिने, बंडू, मी भीत होतो तसे गेले नाहीत. आधी वाटलं होतं की हे सगळं चोरूनच करावं लागणार, कारण मी भरलेली पिशवी ती रात्री उठून रिकामी करायची. मग एक गोष्ट लक्षात आली. ‘हे हवं का नको’ विचारलं की ती घाबरते. दोन वस्तू समोर धरून ‘ह्यातली कुठली?’ म्हटलं की झटकन बोट ठेवते. असं एकेक खण आम्ही मिळून उपसत गेलो. आणि वस्तू हातात आली की ती बोलायची! शिवणाच्या डब्यातल्या बटणांवरून तिच्या आईच्या एका कोटाची गोष्ट निघाली. इतक्या वर्षांच्या संसारात ती मी कधी ऐकली नव्हती, कारण मी कधी विचारलीच नव्हती आणि तिला कधी वेळच नव्हता. बटणं वेगळी काढत ती तासभर बसते, लहान इकडे, मोठी तिकडे, चार भोकांची आणखी वेगळी. मी शेजारी बसतो. माझ्या सासूबाईंची आणि माझी खरी ओळख आता होतेय. ‘आई कधी यायची?’ असं सुमननं विचारलं की मी म्हणतो, ‘आठवण आली का? कशा होत्या गं त्या?’ आणि ती सांगू लागते.

तर कॅरम. माळ्यावरून बोर्ड निघाला. तोच, एका कोपऱ्याची जाळी फाटलेला. धाकटा म्हणाला, देऊन टाकू, इतकी मोठी फळी त्या जागेत कुठे ठेवणार? मी हो म्हणून पुसायला घेतला. सुमन आली, समोर खुर्ची ओढून बसली, सोंगट्या मधे लावल्या, राणीभोवती एक पांढरी एक काळी करत, जशा लावतात तशाच. मग स्ट्रायकर घेतला, दोन्ही रेषांना टेकवला, बोटानं जरासा सरकवला आणि पहिल्याच फटक्यात पांढरी घेतली. बंडू, त्याच सकाळी तिला ब्लाउजचं बटण लावता आलं नव्हतं.

डॉक्टरांना विचारलं, हे कसं काय? ते म्हणाले, नवी आठवण मेंदूत ज्या भागाच्या मदतीनं बसते, त्या हिप्पोकॅम्पसवर हा आजार लवकर घाला घालतो. हाताला बसलेल्या सवयी वेगळ्या भागांत असतात आणि बऱ्याच जणांच्या पुष्कळ दिवस टिकतात. तरुणपणीच्या आठवणीही कालपरवाच्या आठवणींपेक्षा चिवट असतात.

त्या चिवट आठवणींतली एक आता ऐक. आम्ही खेळत होतो. मी तिला गमतीनं म्हटलं, ‘तुम्ही फार छान खेळता.’ हल्ली कधीकधी मी तिला कुणी भला पाहुणा वाटतो, तेव्हा मीही अहो-जाहो करतो. ती म्हणाली, ‘मी खेळायची नाही हो, मी गुण लिहायची.’ मग थोडं पुढे वाकून, हळू आवाजात, ‘आमच्या फायनलला भांडण झालं होतं. त्या दुसऱ्या मुलाचा स्ट्रायकर टेकला होता, दोन्ही रेषांना. मी पाहिलं होतं.’ मी विचारलं, ‘मग बोलला का नाहीत?’ तर लाजली रे. ह्या वयात, अशी लाजली! म्हणाली, ‘मला तो जिंकायला हवा होता. सांगू नका हं कुणाला.’

कळलं? तो म्हणजे मी. इतकी वर्षं आपण दोघं त्या शॉटवरून भांडलो, माझ्या लग्नातसुद्धा भांडलो, आणि ती प्रत्येक वेळी ‘मी फक्त आकडे लिहिते’ म्हणून मोकळी व्हायची. तिच्या मनात मी तेव्हापासून होतो हे तिनं मला एकदाही सांगितलं नव्हतं. लग्नाचं पहिलं मीच बोललो होतो, आठवतं ना, तुलाच धक्का मारून मला पाठवावं लागलं होतं. धडधाकट सुमननं ते कधी तोंडातून काढलं नसतं. तो डाव तू जिंकला होतास. लेखी देतोय, पत्र जपून ठेव.

बोर्ड दिला नाही. पलंगामागे भिंतीला टेकवून ठेवलाय.

तुला इतिहासाचं वेड, म्हणून आणखी एक. ज्या बाईवरून ह्या आजाराची पहिली नोंद झाली, तिला १९०१ साली फ्रँकफुर्टच्या इस्पितळात दाखल केलं होतं. ऑगस्टा डेटर, वय ५१. डॉक्टर आल्झायमर तिच्याशी बोलून लिहून ठेवायचे. ती १९०६ साली गेली आणि त्याच वर्षी त्यांनी तिची केस इतर डॉक्टरांसमोर मांडली. डॉक्टरांचं नाव जगभर झालं, बाईचंही झालं. मी रात्री विचार करतो तो तिच्या नवऱ्याचा. रेल्वेत नोकरीला होता. तिला तिथे सोडून घरी परतल्यावर तो कुठल्या खुर्चीत बसला असेल? त्याच्यापुढे मला केवढं मिळालंय बघ. माझी बायको पलीकडच्या खोलीत झोपली आहे आणि मला इथून तिचा श्वास ऐकू येतो. जुन्या घरात तीन दारं ओलांडून जावं लागायचं.

भीती गेलेली नाही. माझं आधी काही झालं तर तिचं कोण, हे पोरांना लिहून दिलंय, तरी पहाटे जाग येतेच. आणि ज्या दिवशी मी तिला पाहुणाही वाटणार नाही, तो दिवस कसा काढायचा ते मला ठाऊक नाही. पण आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी आल्झायमर झालेल्या माणसांना हसवणाऱ्या आणि रडवणाऱ्या चित्रफिती दाखवल्या होत्या, २०१४ साली ते छापून आलं. काय पाहिलं ते ती माणसं लवकरच विसरली, मनात उठलेला आनंद किंवा दुःख मात्र मागे राहिलं. हे वाचल्यापासून मी सकाळी तिला उठवताना घाई करत नाही. दुपारी तिला त्यातलं काही आठवणार नाही, पण तिची दुपार बरी जाते, हे मी रोज पाहतो.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? शस्त्रक्रिया आणखी लांबवू नकोस. धाकटीचं लग्न ठरल्याचं ताईकडून कळलं, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार. पेन्शनच्या कागदाचं धाकट्याला सांगितलंय, तो फोन करेल.

तू मात्र ये. सकाळीच ये, दुपारनंतर ती थकते. आल्यावर ‘ओळखलंस का?’ असं विचारायचं नाही, कुणालाच विचारू देत नाही मी. समोर बस, तिच्या डोळ्यांत बघ आणि आपणहून सांग, ‘मी बंडू.’ दोनदा सांगावं लागलं तर दोनदा सांग. एका वेळी एकच गोष्ट बोल आणि तिला उत्तराला वेळ दे, तू भराभर बोलतोस. आणि त्या फायनलचा विषय काढू नकोस. तिनं मला कुणाला सांगू नका म्हटलंय.

तुझा,
दादू