शिपायाची भाकरी ध्वजनिधीच्या डब्यातून नको: माजी सैनिक कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

मा. माजी सैनिक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

७ डिसेंबर, म्हणजे सशस्त्र सेना ध्वजदिन, जवळ आला की जिल्हाधिकारी कार्यालयातून ध्वजनिधीचा, म्हणजे माजी सैनिकांसाठी गोळा करायच्या देणग्यांचा, इष्टांक निघतो. तहसीलला एवढा, पंचायत समितीला एवढा, शिक्षण विभागाला एवढा. १९४९ पासूनची ही रीत आहे आणि तिच्याविरुद्ध आम्हाला काही म्हणायचे नाही. देणगीच्या पैशावर मुलांची फी भागावी, वसतिगृह चालावे, इथवर सारे ठीक. म्हाताऱ्या शिपायाची भाकरीसुद्धा त्याच पैशातून निघते, हे मात्र ठीक नाही.

सैन्यात अधिकाऱ्याखालच्या पदावर पंधरा वर्षे भरली नाहीत तर सेवा पेन्शन बसत नाही. १९६२ नंतरच्या घाईच्या भरतीत गेलेले, १९७१ ची लढाई करून सात-आठ वर्षांत गावी परतलेले, आजारपणामुळे घरी पाठवलेले असे कितीतरी जण या रेषेच्या अलीकडे राहिले. त्यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचे एक मासिक अनुदान आहे. वय ६५ च्या पुढे, हुद्दा हवालदारापर्यंत, पेन्शन नाही, नियमित उत्पन्न नाही, अशा सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला ते मिळते. आधी ते ४,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० झाले. वाढ चांगलीच आहे. पण ही रक्कम संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या तरतुदीतून येत नाही. ती येते सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून, म्हणजे लोकांच्या देणग्यांतून आणि त्यांच्या व्याजातून. सरकारी शिक्का असला तरी जात धर्मादायाचीच. पेन्शन अडली तर सैन्यदल न्यायाधिकरणाचे दार ठोठावता येते. अनुदान अडले तर "निधी उपलब्धतेनुसार" हा शेरा वाचून गप्प बसावे लागते. मध्यंतरी निधी अपुरा पडून कल्याण अनुदानांचे अर्ज थकले आणि अखेर केंद्राला वेगळे पैसे द्यावे लागले, ते याचमुळे.

दिल्लीचा निर्णय आपल्या हातात नाही, हे कळते. जे आपल्या हातात आहे तेवढेच मागतो.

अनुदानाचा अर्ज भरण्याआधी डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळणारे सेवेच्या नोंदींचे पुस्तक) नीट वाचले जावे. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. माणूस गरीब दिसला की त्याच्यासाठी मदतीचा अर्ज उघडला जातो. त्याचा हक्क तपासायचे कुणाला सुचत नाही. त्या पिढीची नोकरी दोन भागांत असे: काही वर्षे प्रत्यक्ष सेवा, पुढची काही राखीव दलात, म्हणजे घरी राहून बोलावणे आले तर हजर व्हायचे. दोन्हींची बेरीज पंधरा भरत असेल तर राखीव सैनिकाची पेन्शन लागू होते. आज किमान पेन्शन ९,००० रुपये आहे, वर महागाई सवलत, आणि माणूस गेल्यावर पत्नीला कुटुंब पेन्शन. घरी पाठवण्याचे कारण वैद्यकीय असेल तर तो आणखी वेगळा दावा. म्हणजे नोंदीची एक ओळ वाचायची राहिली तर हक्कदार माणूस जन्मभर मदतीच्या रांगेत उभा राहतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आलेल्या प्रत्येक पेन्शनविरहित माणसाचे डिस्चार्ज बुक या तीन गोष्टींसाठी (प्रत्यक्ष सेवा, राखीव सेवा, घरी पाठवण्याचे कारण) तपासून तसा लेखी शेरा मारल्याशिवाय अनुदानाचा अर्ज पुढे जाऊ नये, असा आदेश आपण काढू शकता. त्याला पैसा लागत नाही.

डिस्चार्ज बुकच नसेल तर? वाळवी लागलेली असते, घर पडताना हरवलेले असते. दुय्यम प्रत मिळते; त्यासाठी पोलिसांकडे हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र आणि जिल्हा कार्यालयामार्फत त्या रेजिमेंटच्या नोंदी सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज लागतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला. रेकॉर्ड ऑफिस पहिल्यांदा आर्मी नंबर विचारते आणि विधवेला तो ठाऊक नसतो. अशा वेळी घरातले पदक मागावे. भारतीय पदकांवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते, बहुतेक वेळा कडेवर. भिंगाने वाचता येते. पितळ म्हणून ते मोडीत घातलेले नसले म्हणजे झाले.

मग नावांचा घोळ. सैन्याच्या नोंदीत लक्ष्मी, आधारवर लक्ष्मीबाई, बँकेत माहेरचे आडनाव. पहिली बायको वारल्यावर केलेले दुसरे लग्न तर कित्येकांनी युनिटला कळवलेलेच नाही. आधारवरची जन्मतारीख १ जानेवारी, कारण विचारणाऱ्याला काहीतरी लिहायचे होते. यातला प्रत्येक फरक म्हणजे "एकच व्यक्ती असल्याचे" एक प्रतिज्ञापत्र आणि रेकॉर्ड ऑफिसशी काही महिन्यांचा पत्रव्यवहार. पती हयात असताना ही दुरुस्ती सोपी असते. तो गेल्यावर बाईला आपण कोण हे सिद्ध करावे लागते. म्हणून शिबिरे भरवायची तर हयात जोडप्यांसाठी भरवा. तहसील कार्यालयात दर तीन महिन्यांनी एक दिवस. आधार दुरुस्तीचे यंत्र, नोटरी, स्कॅनर, बँकेचा माणूस आणि जिल्हा कार्यालयाचा कल्याण संघटक, एवढे एका छताखाली असले की झाले. यातला एक जरी गैरहजर राहिला तर शिबिराचा निव्वळ मेळावा होतो. मेळाव्यांची आपल्याकडे टंचाई नाही.

पेन्शन चालू असलेल्यांचे दुखणे नोव्हेंबरातले. हयातीचा दाखला बहुतेकांचा त्याच महिन्यात येतो आणि त्याच सुमाराला बीड, धाराशिवमधल्या गावांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुलगा-सून कारखान्यावर, घरी एकटी म्हातारी. बोटांच्या रेषा झिजलेल्या, म्हणून ठसा उठत नाही. मोबाइलवर चेहरा दाखवायची सोय आहे, पण ते ॲप डोळ्यांची उघडझाप करायला सांगते आणि मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला कुठे पाहायचे ते कळत नाही. बालाघाटाच्या वाड्यांवर रेंज मिळाली तर मिळाली. दाखला गेला नाही की पेन्शन थांबते, आणि घरच्यांना ते कळते उसाचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गाडी परतल्यावर. ऑक्टोबरातच ग्रामपंचायतीच्या संगणक चालकाकडे गावातल्या पेन्शनरांची यादी द्या. चेहरा उजेडाकडे, पाठीमागे खिडकी नको, चष्मा काढलेला. नीट केले तर पाच मिनिटांचे काम आहे.

पेन्शन नसलेल्यांसाठी पैशाची मागणी एकच. त्रुटी नसलेला अर्ज जिल्ह्यातून दिल्लीकडे गेला त्या महिन्यापासून राज्याने स्वतःच्या अर्थसंकल्पातून ८,००० रुपये सुरू करावेत आणि केंद्राची मंजुरी आली की ते वळते करून घ्यावेत. माणशी वर्षाला ९६,००० रुपये होतात. एका जिल्ह्यात शंभर माणसे धरली तरी ९६ लाख, त्यातलेही बरेच परत येणारे. आज मंजुरी येईपर्यंत त्या घराला श्रावणबाळ योजनेचे १,५०० मिळाले तर मिळाले, तेही वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला आणला तर. घरपट्टी माफीची योजना आहे, पण पत्र्याच्या खोलीची घरपट्टी ती किती असणार?

मग दानशूरांनी काय करायचे? त्यांच्यासाठी पुष्कळ काम आहे, फक्त ते शाल-श्रीफळाचे नव्हे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि मराठवाड्यात वर १७ सप्टेंबर; वर्षाला तीन शाली अंगावर पडतात आणि छपराचा पत्रा गळतोच. सरकारी शीर्षात जे बसत नाही ते देणगीतून करावे. किनवटहून किंवा देगलूरहून संभाजीनगरच्या लष्करी रुग्णालयात यायला एसटीचा अख्खा दिवस जातो. पंचाहत्तरीच्या पुढे एसटी फुकट आहे; अडते ते सोबतच्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीपाशी आणि रात्रीच्या मुक्कामापाशी. तोफखान्यातल्या माणसांचे कान गेलेले असतात. श्रवणयंत्र कुणीतरी देते, पण त्याची बॅटरी आठ-दहा दिवसांत संपते आणि यंत्र डबीत जाते. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात माजी सैनिक आणि युद्धविधवांसाठीचा खर्च सामाजिक दायित्वात धरला जातो. वाळूज आणि शेंद्र्याच्या उद्योगांना जिल्हा कार्यालयाने धनादेश मागण्याऐवजी मुक्कामाच्या चार खोल्या आणि वर्षभराच्या बॅटऱ्या मागाव्यात.

शेवटी अग्निवीरांचे. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. त्यातले चारातले तीन घरी येणार, हातात सेवा निधीचे साधारण पावणेबारा लाख. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिक हा दर्जाही नाही. जिल्हा कार्यालयाच्या नोंदवहीत त्यांच्यासाठी रकानाच नाही. दर्जा केंद्राने ठरवावा, पण रकाना राज्याला आखता येतो. नाव, आर्मी नंबर, युनिट, रेकॉर्ड ऑफिस, वैद्यकीय श्रेणी आणि घरी परतल्याची तारीख, इतके आत्ताच लिहून घेतले तर पन्नास वर्षांनी कुणाला पदक भिंगाखाली धरावे लागणार नाही. हा नमुना पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाकडून येत्या ७ डिसेंबरच्या आत मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना जावा.

कळावे,
मराठवाड्यात माजी सैनिकांचे आणि विधवांचे अर्ज भरून देणारे काही जण