अमेरिकेची जुनी चांदीची नाणी : किमतीआधी ठसा पाहावा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

परदेशी नाण्यांच्या लिलावाची बातमी मराठी वृत्तपत्रांत येते तेव्हा तिच्यात बहुधा दोनच गोष्टी असतात : नाण्यावरचे वर्ष आणि मिळालेली किंमत. जानेवारी २०१३ मध्ये १७९४ सालचा एक अमेरिकन डॉलर एक कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला, तेव्हाही हेच झाले. ज्यांनी ही नाणी हातात घेऊन भिंगाखाली पाहिली आहेत, त्यांना अशी बातमी अपुरी वाटते, कारण अमेरिकेच्या सुरुवातीच्या चांदीच्या नाण्यांची खरी ओळख त्यांच्या ठशांत, म्हणजे ज्या कोरीव पोलादी साच्यांनी ती पाडली गेली त्यांत, आहे आणि वर्ष हा त्या ओळखीचा एक भाग आहे, इतकेच.

फिलाडेल्फियाची टांकसाळ २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने स्थापन झाली आणि पुढची चार दशके तिथले काम बरेचसे हातचे होते. पोलादी ठशावर ‘लिबर्टी’ या स्वातंत्र्यदेवतेचे मस्तक एका मोठ्या पंचाने (टोकाला उठावाची आकृती असलेल्या पोलादी खिळ्याने) उमटवीत, परंतु वर्षाचे आकडे, तारे आणि अक्षरे ही एकेका छोट्या पंचाने, हातोडीच्या ठोक्याने, नजरेच्या अंदाजाने बसवीत. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन ठशांवर एखादा तारा केसांच्या बटेच्या किंचित जवळ तर कुठे किंचित दूर असतो, शेवटचा आकडा कुठे कललेला असतो, आणि कारागिराने चुकून काही वेगळे ठोकले असेल तर तेही दुरुस्तीखाली दिसत राहते. १८०७ च्या अर्ध्या डॉलरच्या एका ठशावर सेंटमधील मूल्याच्या जागी आधी २० ठोकले गेले आणि त्यावर ५० बसवले गेले; खालचा दोनाचा आकडा आजही दिसतो. १८०० च्या पाच सेंटच्या नाण्याच्या एका ठशावर ‘आर’ या अक्षराचा पंच मोडका निघाला आणि ते अक्षर ‘के’सारखे उमटले.

अशा पुढच्या आणि मागच्या ठशाच्या प्रत्येक जोडीला संग्राहक स्वतंत्र प्रकार मानतात. १८०७ ते १८३६ या काळातील अर्ध्या डॉलरच्या अशा जोड्या साडेचारशेच्या आसपास आहेत, आणि १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या अल ओव्हरटन यांच्या ग्रंथातील क्रमांकांनीच त्या आज ओळखल्या जातात. डॉलरसाठी १९५० पासून बोलेंडर यांचे क्रमांक आहेत, पाव डॉलरसाठी त्याही आधी, १९२५ पासून, ब्राउनिंग यांचे. एकाच वर्षाच्या, सारख्याच झिजलेल्या दोन अर्ध्या डॉलरपैकी एक सर्रास मिळणारा आणि दुसरा मोजक्याच प्रती ज्ञात असलेला असू शकतो. १८१७ चा, चाराच्या आकड्यावर सात ठोकलेला अर्धा डॉलर याचे ठळक उदाहरण आहे. त्याच्या डझनाच्या आसपासच प्रती ठाऊक आहेत.

दुर्मिळतेहूनही मला या अभ्यासातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. ठसा वापरात असताना त्याला तडे जात, आणि ते तडे नाण्यावर उंच रेषा होऊन उमटत. एकच मागचा ठसा दोन वेगवेगळ्या पुढच्या ठशांबरोबर वापरला गेला असेल, तर तडा कुठवर वाढला आहे हे पाहून कोणती नाणी आधी पडली हे सांगता येते. टांकसाळीच्या कागदांत ज्याची नोंद नाही असा कामाचा क्रम अशा रीतीने नाण्यांवरून उलगडतो. त्या काळच्या दहा सेंटच्या नाण्यावर मूल्यच लिहिलेले नसे आणि त्याचा व्यास अडीच डॉलरच्या सोन्याच्या नाण्याच्या बरोबरीचा होता. त्यामुळे १८०४ मध्ये गरुडावर तेराऐवजी चौदा तारे असलेला एकच मागचा ठसा चांदीच्या आणि सोन्याच्या अशा दोन्ही नाण्यांसाठी वापरला गेला. हे कोणत्याही हिशेबवहीवरून कळले नसते.

नाण्यावरच्या वर्षावर विसंबण्यातला धोका १८०४ च्या डॉलरइतका कुठेच स्पष्ट दिसत नाही. त्या वर्षीच्या नोंदीत १९,५७० डॉलर पाडल्याचे आहे, परंतु ते आधीच्या वर्षांच्या ठशांनीच पाडलेले असावेत असे मानले जाते; पोलाद महाग होते आणि चांगला ठसा वर्ष उलटले म्हणून कोणी टाकून देत नसे. ‘१८०४’ असे प्रत्यक्ष लिहिलेले डॉलर तयार झाले ते १८३४ च्या सुमारास, मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांना राजनैतिक भेट देण्यासाठी. अमेरिकेचे दूत एडमंड रॉबर्ट्स यांच्या ज्या प्रवासात ही भेट नेली गेली, त्यात त्यांची ‘पीकॉक’ नौका मस्कतनंतर दुरुस्तीसाठी मुंबईस आली होती आणि तिथून पुढे सयामला गेली. नंतर टांकसाळीतच या डॉलरच्या आणखी प्रती निघाल्या. त्यांपैकी एक तर १८५७ च्या स्विस नाण्यावर ठसा मारून केलेली आहे. या नंतरच्या प्रती पहिल्यांपासून वेगळ्या काढता येतात त्या मागच्या ठशावरून, कारण त्यावर गरुडाच्या वरचे ढग आणि अक्षरे यांची परस्परांतील जागा निराळी आहे.

आपल्याकडे हे ज्ञान उपयोगी पडते ते मुख्यतः फसवणूक टाळण्यासाठी. १८०४ किंवा १७९५ असे वर्ष असलेले हलक्या धातूचे डॉलर पदपथावरही विकले जातात आणि ते ‘आजोबांच्या पेटीतले’ म्हणून दाखवले जातात. खऱ्या डॉलरचे वजन सुमारे २७ ग्रॅम असते आणि त्याच्या कडेवर अक्षरे असतात. कड केवळ खाचांची असेल तर सतराशे पंचाण्णवच्या दाव्यावर विश्वास ठेवू नये. वजन आणि कड जुळली तरी तारे, आकडे, अक्षरे यांची मांडणी ज्ञात जोड्यांपैकी एकीशीही जुळत नसेल, तर तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी नातेवाइकांकडून अशी नाणी येतात, त्यांनाही हेच लागू आहे. आणखी एक कळकळीची विनंती अशी, की नाणे चिंच, रांगोळी किंवा पॉलिशने उजळू नये. ठशाच्या घडणीत राहिलेल्या ज्या सूक्ष्म रेषांवरून जोडी आणि तिची अवस्था ठरते, त्या घासण्याने कायमच्या जातात आणि कोणत्याही उपायाने परत येत नाहीत.

आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे, की यापुढे अशा लिलावाची बातमी देताना किमतीबरोबर ठशांच्या जोडीचा क्रमांकही द्यावा. लिलावाच्या सूचीत तो बहुधा छापलेला असतो आणि त्याला बातमीत अर्ध्या ओळीहून अधिक जागा लागत नाही.

आपला,
एक नाणेसंग्राहक वाचक, पुणे