मॉसवाल्या दादांना मनापासून थँक्यू

दादा नमस्कार,

हे तुम्हाला फोनवरही सांगता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही सांगितलेलं अजून चार जणांनी वाचलं तर त्यांचंही मॉस वाचेल.

माझ्या फिश टँकमधलं मॉस, म्हणजे पाण्यात लाकडावर वाढणारी ती बारीक पानांची वनस्पती, खराब होत चाललं होतं. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, लाईट वाढव नाहीतर खत घाल. तुम्ही फोटो बघून पहिलं काय विचारलंत तर झुपका किती जाड झालाय, जरा बोटांनी फाकवून आतून दाखव. वरून हिरवंगार आणि आत सगळं तपकिरी, हात लावला की गळून येणारं! मग तुम्ही न कंटाळता समजावलंत की मॉसला खरी मुळं नसतात, लाकडाला धरून बसायला नुसते बारीक तंतू असतात, जे काय घ्यायचं ते पाण्यातून पानांनीच घेतं, म्हणून पानांवर गाळ बसला की त्याचं खाणं पण बंद आणि उजेड पण बंद, आणि झुपका जाड झाला की आतपर्यंत वाहतं पाणीही पोचत नाही. माशांची घाण, उरलेलं फूड, सगळं चहाच्या गाळणीसारखं त्यातच अडकून राहतं. आता यात वरून खत ओतून काय होणार होतं सांगा.

दर वेळी पाणी बदलताना आधी मॉस हाताने हलकं हलवून गाळ उडवायचा आणि तो नळीने लगेच ओढून घ्यायचा, ही तुमची युक्ती मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. इतकी साधी गोष्ट, पण कुणी सांगत नाही!! आणि कापायचं तर बिनधास्त कापायचं, फक्त आधी फिल्टर बंद करायचा आणि तुकडे लगेच काढायचे, नाहीतर जिथे तुकडा अडकेल तिथे नवीन मॉस सुरू. नवीन बांधताना थर इतका पातळ ठेवायचा की खालचं लाकूड दिसलं पाहिजे, हे ऐकून आधी पटलंच नव्हतं, टक्कल पडल्यासारखं दिसतं ना ते. पण तेच लवकर आणि सारखं भरतं. सुती दोरा काही दिवसांनी कुजतो आणि जावा मॉस (मॉसचाच एक प्रकार) तशी घट्ट पकड घेत नाही, त्यामुळे त्याला नायलॉनचा दोराच बरा, हेही तुमचंच.

बरं, लिक्विड कार्बनची (टँकमधल्या झाडांसाठी विकतात ते द्रव) बाटली मी ऑर्डर करणारच होते हो. त्यात बहुतेक वेळा ग्लुटाराल्डिहाइड नावाचं रसायन असतं, ते अल्गी (टँकमध्ये वाढणारं नको असलेलं शेवाळ) मारतं खरं पण मॉसही त्याने जळू शकतं, आणि अल्गीच्या काही औषधांत तांबं असतं जे श्रिंपला (टँकमधल्या छोट्या कोळंबीला) सोसत नाही, हे तुम्ही वेळेवर सांगितलंत. त्याऐवजी लाईट दिवसाला ६-७ तासांवर आणायला लावलीत, हेअर अल्गी (केसांसारखी लांब अल्गी) टूथब्रशला गुंडाळून काढायला शिकवलंत आणि जिथे ती मॉसमध्ये पार गुंतलीय तिथे वरचे स्वच्छ शेंडे ठेवून बाकी सरळ फेकून दे म्हणालात. जिवावर आलं होतं, पण फेकलं. आता त्या शेंड्यांतूनच नवीन फुटलंय, पोपटी रंगाचं, आणि चेरी श्रिंप दिवसभर त्यातच चरत असतात.

एकच राहिलंय, उन्हाळा. पाणी २२ ते २६ डिग्रीत ठेव म्हणालात, पण माझ्याकडे दुपारी ३० च्या वर जातं. सध्या टँकवर पंखा लावलाय, त्याने उतरतं थोडं, पण पाणी भराभर उडतं आणि रोज वरून भरावं लागतं. याच्यावर काही असेल तर सांगा. आणि पुढच्या कापणीला जो ढीग निघेल त्यातलं मॉस हवं असेल तर तेही सांगा, ओल्या टिश्यूत गुंडाळून पाठवते, अल्गी नसलेलं बघून.