सोलापूरचं पुस्तक कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साहित्य पुरस्कार म्हटलं की आपल्या पेपरात कथा, कादंबरी, कवितेचीच बातमी येते. न्यू इंडिया फाउंडेशन या भारतावरच्या संशोधनाला मदत करणाऱ्या संस्थेचा कमलादेवी चट्टोपाध्याय पुरस्कार मात्र कुणाला माहितीच नसतो, म्हणून हे पत्र. आधुनिक भारतावरच्या नॉन-फिक्शन पुस्तकाला २०१८ पासून हा पुरस्कार देतात, रक्कम १५ लाख. लेखक भारतीयच पाहिजे असंही नाही, २०१९ ला इस्रायलच्या ओर्नित शनी यांना मिळाला, आणि त्यांचा विषय काय तर आपल्या पहिल्या निवडणुकीच्या मतदार याद्या कशा तयार झाल्या! जुन्या सरकारी फायली वाचून काढायच्या आणि त्यातून देशाची गोष्ट सांगायची, या कामाला एवढा मान मिळतो हे मला फार मोठं वाटतं.

आता माझा मुद्दा. २०२२ ला हा पुरस्कार शेखर पाठक यांच्या, हिमालयातल्या गावकऱ्यांनी झाडं वाचवायला केलेल्या चिपको आंदोलनावरच्या पुस्तकाला मिळाला. ते मूळ हिंदीतलं, मनीषा चौधरी यांनी इंग्रजीत आणलं म्हणून तिथपर्यंत गेलं. २०२४ ला अशोक गोपाळ यांच्या बाबासाहेबांवरच्या चरित्राला मिळाला, त्यात बाबासाहेबांचं मराठीतलं लिखाण किती बारकाईनं वापरलंय. म्हणजे डोंगरातल्या गावांची गोष्ट पोहोचते, मराठी कागदांना किंमत आहे, मग सोलापूर का नाही?

आपल्याकडे काय कमी आहे हो? मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर गोळीबार झाला, मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिली. हुतात्मा चौकातून आपण रोज जातो, पण त्या दिवसांत गिरणी कामगार काय करत होते, बायका काय करत होत्या हे दिल्लीच्या नाहीतर बंगळुरूच्या वाचकाला कुठल्या पुस्तकात सापडणार? पुढं गिरण्या बंद पडल्या, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात चादर-टॉवेलचा धंदा उभा केला, विडी कामगार बायकांनी लढून घरं मिळवली, हे सगळं देशाचाच इतिहास आहे ना. आणि ज्यांच्या नावानं पुरस्कार आहे त्या कमलादेवींनी तर हातमाग आणि हस्तकलेसाठी आयुष्य घातलं, त्याच १९३० साली त्या मिठाच्या सत्याग्रहात होत्या.

हे काम बाहेरच्या अभ्यासकाला अवघड जाईल कारण कागद मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत विखुरलेले. आपल्याकडं घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारी पोरं गल्लोगल्ली आहेत, विद्यापीठानं त्यांना या कामाला लावलं पाहिजे. लिहू द्या मराठीतच, नंतर अनुवाद करता येतो. त्याच फाउंडेशनची अनुवादासाठी फेलोशिपही आहे आणि त्यात मराठी आहे.

तुम्हाला एवढीच विनंती की रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा अशा पुस्तकांना अर्धं पान द्या, आणि ज्यांच्या घरी गिरणीचे, युनियनचे जुने कागद आहेत त्यांनी रद्दीत घालायच्या आधी हिराचंद नेमचंद वाचनालयात नाहीतर विद्यापीठात दाखवावेत असं तिथंच छापा. सुरुवात चिपकोच्या पुस्तकानं केली तरी चालेल, मूळ हिंदी आहे, आपल्या वाचकांना सहज वाचता येईल.

आपला,
एक वाचक, सोलापूर