तेलगळतीचे चुकीचे निदान आणि विनाकारण उतरवलेला गिअरबॉक्स : तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सर्व्हिस विभाग, सिंहगड रस्ता शाखा, पुणे

दिनांक : १२ ऑगस्ट २०२५

विषय : १९९८ च्या मारुती झेन गाडीच्या ऑइल गळतीचे चुकीचे निदान व अनावश्यक कामाचे पैसे परत मिळणेबाबत.

महोदय,

ही गाडी माझ्या वडिलांनी घेतलेली. ते गेल्यावर घरात सगळ्यांनी विकायचा सल्ला दिला, पण मी ती ठेवली. २०२३ मध्ये पर्यावरण कर भरून तिची तिसऱ्यांदा पुनर्नोंदणी करून घेतली. आईला गुडघ्यांच्या व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा धायरीहून कोथरूडला न्यावे लागते, ते याच गाडीतून. त्यामुळे गाडी बंद पडली की आईची एक खेप चुकते, हे आधीच सांगते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर गाडीखाली तळहाताएवढा तेलाचा डाग दिसला. पाऊस आला की त्या पाण्यावर रंगीत तवंग पसरायचा आणि वाहत शेजारच्यांच्या गाडीखाली जायचा. आठवड्याभरात डिपस्टिकवरची पातळी वरच्या खुणेपासून मधोमध उतरली. या इंजिनात तेल मावते सुमारे साडेतीन लिटर, त्यात एवढी घट दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती. ७ जूनला गाडी आपल्याकडे आणली. हेड कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, पॅकिंग बदलले, १,८५० रुपये झाले. पॅकिंग जुने होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र गळती तशीच राहिली.

२१ जूनला पुन्हा आले. आपल्या सुपरवायझरनी गाडी लिफ्टवर घेतली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून थेंब पडताना मला दाखवला आणि सांगितले, ‘मॅडम, मागचे क्रँक सील गेले आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ हे सील म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारे रबर. मी होकार दिला. दुपारी फोन आला की तेल क्लचपर्यंत गेले आहे, आता उघडलेच आहे तर क्लच सेटही बदलून घ्या. त्यालाही होकार दिला. सील आणि गिअरबॉक्सची मजुरी ७,४०० रुपये, क्लच सेट ५,२०० रुपये, ऑइल व फिल्टर २,१०० रुपये, असे एकूण १४,७०० रुपयांचे बिल मी त्याच दिवशी भरले. जुनी क्लच प्लेट मागितली, तर ‘भंगारात गेली’ असे उत्तर मिळाले.

चार दिवसांनी डाग पुन्हा उमटला, त्याच जागी, तेवढाच.

२८ जूनला तिसऱ्यांदा आले तेव्हा काउंटरवर मला सांगण्यात आले, ‘सत्तावीस वर्षांची गाडी आहे, थोडे तेल गळणारच.’ हे वाक्य मला फार लागले. गाडी जुनी झाली की तिच्यातले रबर कडक होते, हे मलाही कळते. पण मग कडक झालेले रबर नेमके कुठले, हे शोधणे आपले काम होते. त्यासाठीच तर मी पैसे मोजले होते.

शेवटी १९ जुलैला आमच्या चौकातल्या कारागिरांकडे गाडी दिली. पन्नाशीतले गृहस्थ आहेत, दुकानाला पाटीसुद्धा नाही. त्यांनी पाना हातात घेण्याआधी रॉकेल आणि ब्रशने इंजिन धुतले, हवेने कोरडे केले आणि ब्रीदरची नळी काढून ती तुंबलेली नाही ना, ते पाहिले. ती तुंबली की आतला दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलले जाते, असे त्यांनी समजावले. मग सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरली आणि मला खडकवासल्याच्या धरणापर्यंत चक्कर मारून यायला सांगितले. परत आल्यावर टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन त्यांनी वरून बघायला सुरुवात केली. पांढऱ्या पावडरीवर एकच काळपट रेघ उमटली होती. ती डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) जोडातून निघून हेडच्या कडेने खाली, गिअरबॉक्सच्या माथ्यावर आणि तिथून खालच्या जोडापर्यंत गेली होती. आपल्या सुपरवायझरनी मला दाखवलेला थेंब याच रेघेचे शेवटचे टोक होता. क्रँक सीलमधले तेल जोडाच्या खालून ठिबकेल. गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला ते चढणार नाही. सर्वात वरची ओली जागा शोधायची, एवढीच त्यांची पद्धत होती.

ठिणगीचे टायमिंग चुकू नये म्हणून आधी डिस्ट्रिब्युटर आणि हेडवर मिळून एक रेघ ओढली, मग दोन्ही बोल्ट काढून तो बाहेर घेतला. त्यावरची ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, त्यांनी माझ्या हातावर ठेवली. गोल असायची ती कडेने चपटी झाली होती, नखाने दाबली तर खूणही उमटेना आणि जरा वाकवताच कट्कन दोन तुकडे झाले. नवी रिंग नाना पेठेतून ६० रुपयांना आणली, मजुरी ५०० रुपये. आज चोवीस दिवस झाले, मी रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवते आणि सकाळी तो कोरडा असतो. डिपस्टिकही खुणेवरून हललेली नाही.

चूक कोणाचीही होऊ शकते, मी समजू शकते. पण इंजिन न पुसता, एका थेंबावरून गिअरबॉक्स उतरवणे ही माझ्या मते साधी चूक नाही. त्या दिवशी कोणी बॉनेट उघडून गिअरबॉक्सच्या माथ्यावर नुसते बोट फिरवले असते, तरी माझे एवढे पैसे वाचले असते.

माझी मागणी अशी आहे. सील आणि गिअरबॉक्सच्या मजुरीचे ७,४०० रुपये परत करावेत. क्लचबाबत, तेल तिथपर्यंत पोहोचले होते याचा फोटो किंवा जॉब कार्डावरची नोंद असेल तर ती दाखवावी. तसे असेल तर त्या ५,२०० रुपयांवर माझा हक्क नाही. नसेल तर तेही परत करावेत. ऑइल बदलायची वेळ झालीच होती, त्याचे मी काही मागत नाही. शिवाय गळतीसाठी येणाऱ्या प्रत्येक गाडीचे इंजिन आधी धुऊन मगच निदान करावे, अशी लेखी सूचना आपल्या कारागिरांना द्यावी, ही मनापासून विनंती. आपल्याकडची मुले मेहनती आहेत, त्यांना कोणी ही पद्धत शिकवलेली नाही, असे मला वाटते.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे. न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल मी पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करेन. दोन्ही बिलांच्या प्रती, १९ जुलैची पावती आणि पावडरीवरच्या रेघेचे फोटो सोबत जोडले आहेत. तुटलेल्या ओ-रिंगचे दोन्ही तुकडे माझ्याकडे जपून ठेवले आहेत. बघायचे असतील तर शाखेत घेऊन येईन.

आपली ग्राहक,
धायरी, पुणे