गच्चीवरची धूळ आणि आकाशातली धूळ

महोदय,

'गच्चीवर चुंबक फिरवा, उल्काधूळ मिळवा' असे व्हिडिओ सध्या घरोघरी फिरताहेत. पावसाळ्यानंतर नातवाने हट्टाने आमच्या सदाशिव पेठेतल्या गच्चीच्या पन्हाळीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक फिरवलं. चिमूटभर काळी पूड चिकटली. पोरगं हरखलं! पण सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातच मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं, शिवाय शेजारी बांधकाम चालू. वेल्डिंगच्या ठिणग्यांचे गोळेसुद्धा भिंगाखाली उल्काधुळीच्या कणांसारखेच गोल, चकचकीत दिसतात.

पृथ्वीवर रोज कित्येक टन अवकाशधूळ पडते, हे खरंच. पण चुंबकाला फक्त लोहयुक्त कण सापडतात, आणि वातावरणात शिरताना तापलेल्या कणातलं सेंद्रिय द्रव्य बरंचसं जळून जातं. म्हणूनच सिलिकॉन तेल फासलेल्या पट्ट्या विमानाला लावून सुमारे २० किलोमीटर उंचीवर हे कण पकडतात. त्यात ऑलिव्हिन, पायरॉक्सिन ही खनिजं (पायरॉक्सिन आपल्या दगडातही भरपूर!) आणि त्यांना लगडलेला कार्बन सापडतो. नासाच्या 'स्टारडस्ट' यानाने २००६ मध्ये व्हिल्ट-२ (Wild 2) धूमकेतूची धूळ आणली. तिच्यात ग्लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनं ज्यांची बनतात त्यांपैकी एक सेंद्रिय द्रव्य) असल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं.

'आयुका'सारखी खगोलशास्त्राची संशोधन संस्था ज्या शहरात आहे तिथल्या शाळांनी विज्ञान प्रदर्शनात ही पूड 'उल्काधूळ' म्हणून मांडण्याआधी निदान सूक्ष्मदर्शकाखाली धरावी. नातवाची पुडी मी जपून ठेवली आहे. लेबल मात्र 'पन्हाळीतली पूड' एवढंच.

– एक आजोबा, सदाशिव पेठ, पुणे